न्यूयॉर्कची १८८६ मधील महापौर-निवडणूक : मत आणि मतपत्रिका

२ नोव्हेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्क शहरात झालेली महापौरपदाची निवडणूक मजूर चळवळीच्या इतिहासात बहुधा एका पराभवाची कथा म्हणून सांगितली जाते. डेमोक्रॅटिक पक्षाचे एब्रम ह्यूइट यांस ९०,५५२, मजूर संघटनांचे उमेदवार हेन्री जॉर्ज यांस ६८,११० आणि रिपब्लिकन पक्षाचे थिओडोर रूझवेल्ट यांस ६०,४३५ मते मिळाली. परंतु या आकड्यांचा अर्थ लावावयाचा, तर ते कोणत्या व्यवस्थेतून निष्पन्न झाले हे प्रथम पाहिले पाहिजे.

त्या वर्षी बहिष्काराच्या चळवळीबद्दल काही कामगारांना कारावास घडला, आणि न्यायालये व पोलीस मालकपक्षाचेच आहेत अशी भावना मजूरवर्गात बळावली. शहरातील बहुसंख्य कुटुंबे भाडेकरू होती. ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ (१८७९) या ग्रंथात जमिनीच्या खंडावर एकमेव कर बसवावा असे प्रतिपादणारे जॉर्ज त्यांना आपले वाटले, यात नवल नाही. तीस हजार मतदारांच्या सह्यांची अट त्यांनी घातली. ती पूर्ण झाल्यावरच त्यांनी उमेदवारी स्वीकारली. टॅमनी हॉल या बलाढ्य पक्षसंघटनेने हा धोका ओळखला आणि ह्यूइट यांच्यासारखा प्रतिष्ठित लोखंड-कारखानदार पुढे केला. कॅथलिक धर्मगुरू एडवर्ड मॅक्ग्लिन यांनी जॉर्ज यांचा प्रचार केला, तेव्हा आर्चबिशप कॉरिगन यांनी त्यांना पदावरून निलंबित केले.

मतमोजणीत अपहार झाला व खरे विजेते जॉर्जच होते, असा दावा त्यांचे अनुयायी पुढे दीर्घकाळ करीत राहिले. बावीस हजारांहून अधिक मतांचे अंतर केवळ अपहाराने पडले, असे मानण्यास पुरेसा आधार नाही. तथापि या वादात मूळ दोष झाकला जातो. त्या काळी मतपत्रिका सरकार छापीत नसे. प्रत्येक पक्ष आपली मतपत्रिका स्वतः छापून मतदान-केंद्रापाशी आपल्या माणसांकरवी वाटीत असे. त्यामुळे कोणी कोणाची मतपत्रिका घेतली हे मालकाला, घरमालकाला आणि पक्षाच्या हस्तकाला सहज दिसे. ज्या पक्षाजवळ पैसा व माणसे नाहीत, त्याच्या मतदारास मत देण्याचे साधनच हाती पडण्याची शाश्वती नव्हती. मताधिकार होता, मताची गुप्तता नव्हती.

या दृष्टीने पाहता जॉर्ज यांना मिळालेली ६८,११० मते हाच या निवडणुकीतील अधिक बोलका आकडा ठरतो. प्रस्थापित यंत्रणेवाचून उभा राहिलेला उमेदवार रिपब्लिकन पक्षाच्या पुढे गेला. गुप्त मतपत्रिकेचा पुरस्कार जॉर्ज यांनी निवडणुकीपूर्वीच केला होता. मॅसॅच्युसेट्सने १८८८ मध्ये ती पद्धती स्वीकारली आणि न्यूयॉर्क राज्याने १८९० मध्ये मतपत्रिका सार्वजनिक खर्चाने छापण्याचा कायदा केला. हे सारे श्रेय एका निवडणुकीस देणे अतिशयोक्तीचे होईल; पण सुधारणेची निकड या निवडणुकीने उघड केली, हे निश्चित.

१८९७ मध्ये जॉर्ज पुन्हा त्याच पदासाठी उभे राहिले. मतदानास चार दिवस उरले असता, २९ ऑक्टोबर रोजी, त्यांचे निधन झाले. महापौरपद त्यांना कधीच लाभले नाही. मत मोजले जाण्यापूर्वी ते निर्भयपणे देता आले पाहिजे, हा या प्रकरणाचा इतिहासाला मिळालेला धडा होय.