रांगण्यापासून लगोरीपर्यंत : मुलांच्या हालचाली आणि मनाची जडणघडण

‘शेजारचे बाळ दहाव्या महिन्यात चालू लागले, आमचे अजून का नाही?’ ही काळजी बहुतेक घरांत असते. बसणे, रांगणे, चालणे या मोठ्या स्नायूंच्या हालचालींना स्थूल कारक कौशल्ये म्हणतात. चिमटीत दाणा पकडणे, बटण लावणे, पेन्सिल धरणे ही सूक्ष्म कारक कौशल्ये होत. ती केव्हा यावीत, याचे ठोकताळे घरोघरी ठरलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांच्या पाहणीवरून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजपट्टी मात्र बरीच सैल आहे. त्यानुसार मूल आधाराशिवाय सुमारे ४ ते ९ महिन्यांच्या दरम्यान बसते, तर स्वतंत्रपणे ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही चालू लागते. सुमारे ४ टक्के मुले हात व गुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

म्हणजेच महिन्यांच्या हिशेबापेक्षा या हालचालींबरोबर मुलाच्या मनात काय घडते, हे अधिक महत्त्वाचे ठरते. रांगू लागलेले बाळ प्रथमच स्वतःच्या इच्छेने आईपासून दूर जाते आणि जाताजाता मागे वळून तिच्या चेहऱ्याकडे पाहते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात वर्षभराच्या मुलांना जाड काचेच्या पृष्ठभागावर ठेवण्यात आले. काचेखाली एके ठिकाणी पायरीसारखा खोलगट भाग दिसत होता. आईने हसरा चेहरा ठेवला तेव्हा १९ पैकी १४ मुले पुढे गेली. घाबरलेला चेहरा दाखवला तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. बोलता न येणारे मूल दुसऱ्याच्या भावना वाचून आपला निर्णय घेते, हे त्यातून दिसले.

पडणे हाही या शिक्षणाचाच भाग. अमेरिकेतील संशोधक कॅरन अॅडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या नोंदींनुसार १२ ते १९ महिन्यांची मुले खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावले टाकतात आणि १७ वेळा पडतात. चाकांच्या वॉकरमध्ये बसवलेल्या मुलाला तोल सावरण्याची ही संधी मिळत नाही. शिवाय जिन्यावरून कोसळण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

खरी परीक्षा शाळेत सुरू होते. लंगडीत तोल, लगोरीत नेम, सागरगोट्यांत डोळा आणि हात यांचा मेळ लागतो. ज्याला हे जमत नाही, त्याला गडी निवडताना शेवटी घेतले जाते. त्याच मुलाची वहीही बहुधा गिचमिड असते, डबा सांडतो, बुटाची नाडी सुटलेली असते. घरात त्याला ‘वेंधळा’ आणि वर्गात ‘आळशी’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्यामागे ‘डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर’ हा हालचालींच्या समन्वयाचा दोष असू शकतो. शालेय वयातील सुमारे ५ ते ६ टक्के मुलांत तो आढळतो आणि बुद्धिमत्तेशी त्याचा संबंध नसतो. अशी मुले हळूहळू मैदान टाळतात. खेळ सुटला की सराव सुटतो, सवंगडी दुरावतात आणि ‘मला काही येतच नाही’ ही भावना मनात घर करते. चिंता व उदासीनता अशा मुलांत अधिक दिसते. ओरडण्याने किंवा शुद्धलेखनाची पाने वाढवण्याने यात सुधारणा होत नाही, उलट भीती वाढते.

हे निदान सहसा पाच वर्षांच्या आधी केले जात नाही. व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) नाडी बांधणे, चेंडू झेलणे, लिहिणे यांसारख्या नेमक्या कामांचे टप्पे पाडून सराव करवून घेतात. घरीही पिठाचा गोळा मळणे, शेंगा सोलणे, वाटाणे निवडणे अशी कामे मुलांना आवडतात आणि बोटांना वळण लावतात.

मूल १८ महिन्यांचे होऊनही चालत नसेल, एकाच हाताचा वापर वर्षाच्या आतच ठळक दिसत असेल, किंवा आलेले कौशल्य पुन्हा हरवत असेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते. विकासातील विलंब हा तिचा एक भाग असून, पुढील उपचारांसाठी मुलांना जिल्हा पातळीवरील केंद्रांकडे पाठवले जाते.