जुबिली आणि जमीन : नव्या मुंबईचा पूर्ववृत्तांत

जुबिली म्हटली म्हणजे पताका, रोषणाई, पाहुणेमंडळी व सहभोजन हीं प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात, आणि त्यांत वावगें असें कांहींच नाहीं. तथापि ज्या पवित्र ग्रंथांतून हा शब्द आपणांकडे आला, त्यांतील लेवीय नांवाच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय उघडून पाहिला असतां असें दिसून येतें कीं, जुबिली हा मुळांत जमिनीविषयींचा कायदा होता. पन्नासाव्या वर्षीं प्रायश्चित्ताच्या दिवशीं मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा फुंकावा, आणि हातची गेलेली जमीन ज्या कुळाची त्याच्याकडे परत जावी, अशी ती व्यवस्था होती. जमीन देवाची, म्हणून ती कायमची विकूं नये; विकायचीं तीं पुढील जुबिलीपर्यंतचीं पिकें, आणि मोल घ्यावयाचें तेंही तेवढ्याच पिकांचें, असा त्या कायद्याचा आशय आहे.

आपलें धर्मग्राम ज्या भूमीवर वसलें आहे, त्या नव्या मुंबईचा इतिहास या कायद्याच्या उजेडांत पाहण्याजोगा आहे. स्मरणिकेच्या इतर पानांवर देणगीदारांचीं, कार्यकर्त्यांचीं व धर्मगुरूंचीं नांवें वाचकांस मिळतीलच. या पानांवर आम्ही त्या भूमीचा व ज्यांच्याकडे ती पूर्वीं होती त्यांचा वृत्तांत देण्याचें योजिलें आहे.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व किनाऱ्यास, पारसिकच्या डोंगरापासून पनवेल-उरणपर्यंत, आगरी व कोळी लोकांचीं गांवें पसरलेलीं होतीं. यांतील कांहीं गांवें ठाणें जिल्ह्यांत, तर कांहीं कुलाबा जिल्ह्यांत मोडत. या दुसऱ्या जिल्ह्यास १९८१ सालापासून रायगड हें नांव मिळालें. भात, मीठ व मासळी या तिहींवर येथील संसार चालत असे. ही जमीन कोणास आयती मिळालेली नव्हती. भरतीचें पाणी अडविण्यासाठीं पिढ्यान् पिढ्या लोकांनीं बांध घातले, बांधांस उघाड्या ठेविल्या, ओहोटीस पावसाचें पाणी त्यांतून बाहेर सोडावें व भरतीस खारें पाणी आंत येऊं देऊं नये, अशा दक्षतेनें खाजण जमिनीचें शेत केलें. एका रात्रीं बांध फुटला तर पुढें कित्येक वर्षें त्या शेतांत पीक येत नसे. म्हणून बांधाची राखण हें साऱ्या गांवाचें सामाईक काम होतें.

खाडीच्या पश्चिमेस मुंबई बेटांत याच सुमारास दाटी असह्य होत चालली होती. शहर उत्तरेकडे लांबत गेलें, परंतु कामधंदा व कचेऱ्या दक्षिण टोंकासच राहिल्या. १९५९ सालीं बर्वे समितीनें ठाण्याच्या खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती वाढविण्याची सूचना केली. पुढें अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेंही शहराचा विचार एकट्या बेटापुरता न करतां साऱ्या प्रदेशाचा करावा, असें सुचविलें. १९६५ च्या जून महिन्यांत 'मार्ग' या नियतकालिकांत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल या तिघांनीं आपली योजना मांडली : मुंबईनें उत्तरेकडे शेपटासारखें वाढण्याऐवजीं खाडी ओलांडून पूर्वेस जावें, राज्यकारभाराच्या कचेऱ्या पलीकडे न्याव्या, म्हणजे नोकऱ्यांमागून माणसेंही जातील. यांपैकीं कोरिया यांचें नांव मुंबईकर ख्रिस्ती लोकांस अन्य कारणानेंही परिचित आहे. दादरच्या तारणमातेचें, म्हणजे लोक ज्यास पोर्तुगीज चर्च म्हणतात त्या जुन्या देवालयाचें, १९७० नंतरच्या दशकांतील नवें बांधकाम त्यांच्याच आराखड्याप्रमाणें झालें.

१९६६ सालीं महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला, आणि १७ मार्च १९७० रोजीं शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, स्थापन झालें. नव्या शहरासाठीं ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र ठरविण्यांत आलें, त्यांत ९५ गांवें आलीं, आणि सुमारें २० लक्ष लोकांची वस्ती तेथें व्हावी असा संकल्प झाला. शहर एकाच मध्याभोंवतीं न वाढवितां वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणें, ऐरोली अशीं अनेक उपनगरें करावीं, प्रत्येकांत सेक्टर पाडावे, आणि शाळा, बाजार, दवाखाना, मैदान व प्रार्थनास्थळें यांकरितां आधींच भूखंड राखून ठेवावे, अशी आंखणी झाली.

एवढें मोठें शहर उभारण्यास द्रव्य कोठून आणावयाचें? या प्रश्नाचें उत्तर जमिनींतच शोधण्यांत आलें. शेतीच्या भावानें जमीन संपादावी, तीवर रस्ते, पाणी व दिवे यांची सोय करावी, मग शहराच्या भावानें ती भाडेपट्ट्यानें द्यावी, आणि मधला नफा पुनः शहरावरच खर्च करावा, अशी ही योजना होती. हेतु स्वच्छ होता. शहर येणार या नुसत्या वार्तेनें जमिनीचें मोल चढतें. तें चढलेलें मोल सट्टेबाजांच्या खिशांत न जातां लोकांच्या उपयोगीं पडावें, हें न्यायाचेंच होय. परंतु 'लोक' या शब्दांत कोणाकोणाचा समावेश करावयाचा, हा प्रश्न तसाच राहिला. ज्यांच्या बांधांवर शहर उभें राहावयाचें होतें, ते त्या नफ्याचे वांटेकरी होते कीं केवळ विक्रेते?

शहर तर उभें राहिलें. १९७३ सालीं खाडीवरचा पहिला पूल खुला झाला व वाशी वसूं लागली. मुंबईचे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळें व धान्य यांचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानें इकडे हलले. १९८९ सालीं न्हावा-शेवा बंदर सुरू झालें. मानखुर्दहून वाशीस आगगाडी आली ती १९९२ च्या मे महिन्यांत, म्हणजे पुलामागून तब्बल एकोणीस वर्षांनीं. त्या मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोनें उचलला. त्याच १९९२ सालीं नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वांत आली, आणि २०११ च्या शिरगणतींत तिच्या हद्दींत ११ लक्षांहून अधिक वस्ती भरली. बेलापुरास कोरिया यांनीं १९८० नंतरच्या दशकांत कलाग्राम रचिलें. तेथें सात-सात लहान घरें एकेका अंगणाभोंवतीं बसविलीं असून प्रत्येक घरास स्वतःची भुई आहे व दोन घरांमध्यें सामाईक भिंत नाहीं. हेतु हा कीं, मिळकत वाढेल तसें कुटुंबानें घरही वाढवावें. मात्र मूळ योजनेचा कणा असलेली एक गोष्ट घडली नाहीं. मंत्रालय खाडी ओलांडून आलें नाहीं. उलट नरिमन पॉइंटास समुद्र बुजवून नव्या कचेऱ्या उठल्या. त्यामुळें पुष्कळ वर्षें येथील माणूस रात्रीपुरता नवी मुंबईकर व दिवसा मुंबईकर राहिला.

इकडे गांवकऱ्यांच्या हातीं आलेली रोकड लग्नकार्यांत, घरदुरुस्तींत व आजारपणांत संपत चालली होती. शेत गेलें म्हणजे नुसतें उत्पन्न जात नाहीं. ज्या कामांत घरांतील म्हातारें माणूसही उपयोगी पडे, तें कामच जातें. शेतकरी कामगार पक्षाचे पुढारी, जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं लोक संघटित झाले. १९८४ च्या जानेवारींत १६ व १७ तारखांस उरण तालुक्यांत जासई-दास्तान भागांत व नजीकच्या गांवीं पोलिसांचा गोळीबार होऊन पांच जण प्राणांस मुकले. दरवर्षीं त्या दिवसांत तेथें हुतात्म्यांचें स्मरण केलें जातें.

या बलिदानाचें फळ म्हणून १९९० सालीं साडेबारा टक्क्यांची योजना जाहीर झाली व १९९४ सालीं तिच्यांत सुधारणा झाली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकास परत द्यावी, हें तिचें सूत्र. सामाजिक सोयींसाठीं त्यांतून तीस टक्के वजा होत असल्यामुळें प्रत्यक्ष हातीं पडतात ते पावणेनऊ टक्के. म्हणजे ज्याची एक हेक्टर जमीन गेली, त्याच्या नांवें १,२५० चौरस मीटर लिहिले जातात व ताब्यांत ८७५ येतात. हा भाग अल्प खरा, परंतु त्यामागील तत्त्व लहान नाहीं. पैसे देऊन व्यवहार संपला असें न मानतां, जमीन घेणाऱ्यानें जमिनीच्याच रूपानें कांहीं परत केलें पाहिजे, हें सरकारनें यांत मान्य केलें.

येथेंच लेवीय पुस्तकाची आठवण होते. सिडकोनें या शहरांत भूखंड दिले ते मुळांत साठ वर्षांच्या पट्ट्यानें. जमीन कायमची विकूं नये, हें जुनें तत्त्व निराळ्या कारणानें कां होईना येथें पाळलें गेलें. त्याच अध्यायांत घरांविषयींही एक बारीक नियम आहे. तटबंदीच्या नगरांतील घर विकून वर्षाच्या आंत सोडविलें नाहीं, तर तें घेणाऱ्याचें कायमचें होई; परंतु ज्या खेड्यांस तट नाहीं, तेथील घरें शेतांप्रमाणेंच मानलीं जात व जुबिलीस परत होत. खेड्यांत घर व शेत हीं एकाच देहाचीं अंगें आहेत, हें त्या कायदेकर्त्यानें ओळखिलें होतें. येथें शेतें गेलीं व गांवठाण राहिलें. कुटुंबें वाढलीं, गांवठाणाची सीमा वाढली नाहीं, आणि लोकांनीं गरजेपोटीं जीं घरें बांधिलीं तीं अनधिकृत ठरलीं. तीं नियमित करण्याचा शासननिर्णय २०२२ सालीं व त्यानंतरही निघाला, यावरून प्रश्न किती लांबला हें ध्यानांत यावें. शिवाय मोबदल्याचा हिशेब मुख्यतः सातबाऱ्याच्या उताऱ्यावर चालतो, आणि कोळ्याची खाडी कोणाच्याच सातबाऱ्यावर नसते.

हें सर्व आपल्या समाजास परकें वाटूं नये. साष्टींतील आपले पूर्वज शेतकरीच होते. मरोळजवळ कोंडिविटें येथें १५७९ सालचें संत योहानाचें देवालय आहे. साथीमुळें १८४० च्या सुमारास तेथील लोक तें सोडून मरोळास गेले. पुढें भोंवतालची भूमि उद्योगांसाठीं घेतली गेली, आणि आज तें भग्न मंदिर सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाच्या आंत उभें आहे. वसईकरांसही ही गोष्ट ठाऊक आहे. १९९० सालीं वसई-विरारच्या नियोजनाचें काम सिडकोकडे आलें, त्या काळांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी यांनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें शेतीवाडी व विहिरींचें पाणी यांच्या रक्षणार्थ चळवळ केली. तेव्हां शहर येतें म्हणजे कोणाच्या दारांत काय येतें व काय जातें, हें सांगण्यास आपणांस दुसऱ्याची साक्ष नको. येथें मात्र आपण शहराच्या बाजूनें आलों. साष्टींतून, वसईहून, गोंव्याहून, मंगळुराहून व केरळांतून आलेल्या आपल्या कुटुंबांस या योजनेनें छप्पर दिलें, रुंद रस्ते दिले व प्रार्थनेस जागा दिली. ही मोठीच कृपा होय; आणि जेथें कृपा, तेथें ऋणही असतें.

तें ऋण कसें फेडावें? गेलेली शेतें परत करणें आपल्या हातीं नाहीं, परंतु कांहीं गोष्टी निश्चित आहेत. आपल्या सेक्टरांच्या मध्यें वाशीगांव, जुहूगांव, सारसोळें, दिवाळें हीं गांवें आहेत. त्यांस 'मागासलेली वस्ती' न म्हणतां आपले यजमान म्हणावें. त्यांच्या घरांचा, मासळी सुकविण्याच्या जागेचा किंवा होड्यांच्या वाटेचा प्रश्न निघाल्यास आपला आवाज त्यांच्या आवाजास जोडावा. आणखी एक काम तर आपल्या स्वतःच्या हिताचें आहे. या शहराचा सखल भाग पावसांत बुडूं नये म्हणून नियोजनकारांनीं धारण तलाव ठेविले : भरतीस दारें मिटतात, पावसाचें पाणी तलावांत सांचतें, व ओहोटीस तें खाडींत उतरतें. हीच ती आगऱ्यांची उघाडी, केवळ मोठ्या मापाची. हे तलाव व खाडीकांठचीं तिवरें बुजविलीं जाऊं नयेत यासाठीं जागें राहणें, म्हणजे त्या जुन्या बांधाच्या राखणीची पाळी आतां आपण घेणें होय.

८ ऑक्टोबर २०२५ रोजीं येथील नव्या विमानतळाचें उद्घाटन झालें. त्यासाठीं आणखी दहा गांवांतील कुटुंबें हललीं. त्यांस साडेबारा नव्हे, तर साडेबावीस टक्के विकसित जमीन देऊं करण्यांत आली. दि. बा. पाटील यांचें नांव त्या विमानतळास द्यावें, असा ठराव राज्य सरकारनें २०२२ सालीं केला होता. या साडेबारा व साडेबावीस टक्क्यांमागें पांच जणांचें रक्त आहे, हें विसरतां येत नाहीं. जुबिलीचा कर्णा पूर्वीं ज्या दिवशीं वाजे, तो आनंदाच्या आधीं प्रायश्चित्ताचा दिवस असे. आपल्या महोत्सवाच्या पंगतींत शेजारच्या गांवांतील मंडळींस मानाचें पान मांडलें जावो, आणि ज्यांच्या शेतांवर आपलीं घरें उभीं आहेत त्यांच्या मुलाबाळांस या नगरांत यश व सन्मान लाभो, हीच परमेश्वरचरणीं आमची प्रार्थना.