त्याग, बंदी आणि मुक्ती : मद्यवर्जनाच्या शब्दांचा इतिहास

‘दारू’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ औषध असा असून ‘दवादारू’ या जोडशब्दात तो आजही टिकून आहे. औषधाचे नाव धारण करणाऱ्या या पदार्थाला दूर ठेवण्यासाठी समाजाने जे शब्द घडविले, त्यांचा इतिहास उद्बोधक आहे.

जैन परंपरेचा शब्द ‘त्याग’. आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त मद्य, मांस व मध यांचा त्याग श्रावकाच्या ८ मूलगुणांत गणला. श्वेतांबर परंपरेने मद्याला ‘महाविगई’ म्हटले. मद्यात अनेक जीवांची उत्पत्ती होते, म्हणून मद्यपानात हिंसा आहे, असे आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त प्रतिपादिले. गुरूंच्या साक्षीने घेतलेले ‘पच्चक्खाण’ म्हणजे याच त्यागाचा उच्चार. संत निवृत्तिनाथांच्या समाधीने पावन झालेल्या त्र्यंबकेश्वराच्या परिसरात वारकऱ्याने ‘माळ घातली’ एवढे म्हटले, तरी मद्य-मांस वर्ज्य झाल्याचे सर्वांस कळते.

विसाव्या शतकात ‘बंदी’ आली. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ मध्ये संमत झाला व १९५० मध्ये राज्यभर पूर्ण दारूबंदी लागू झाली. साठच्या दशकात ती शिथिल झाली. नाव मात्र उरले. आज मद्यविक्रीचे परवाने त्याच दारूबंदी कायद्याखाली दिले जातात!

तिसरा शब्द ‘व्यसनमुक्ती’. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रांनी तो घरोघरी पोहोचविला. व्यसनी माणसाला दोषी न मानता रुग्ण मानणारी ही दृष्टी करुणेचीच आहे.

नाशिकपुढे आज वेगळाच शब्दप्रश्न उभा आहे. २००१ च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणानंतर येथे वाइन उद्योग बहरला. २०२२ मध्ये किराणा विक्रीच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असे सांगितले गेले. तथापि कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’तही द्राक्षरसाच्या पेयाची गणना मद्यांतच आहे. नाव बदलल्याने पदार्थाचा गुण बदलत नाही.

बंदी बाहेरून येते, मुक्ती पतनानंतर लाभते. त्याग मात्र पहिल्या घोटापूर्वीच रक्षण करतो. समारंभात पेला पुढे आला असता ‘माझा त्याग आहे’ हे तीन शब्द तरुणांनी निःसंकोचपणे उच्चारावेत आणि जो घसरला, त्याच्यासाठी समाजाने मुक्तीचे दार उघडे ठेवावे. पूर्वसूरींच्या या शब्दधनाचे खरे जतन त्यातच आहे.