वीजवाहिनीची भूमिगत नळवाहिनीवरील बाधा
उच्चदाब वीजवाहिनीला समांतर पुरलेल्या पोलादी नळवाहिनीत, तारांभोवतीच्या सतत बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत् दाब प्रवर्तित होतो. झडपेला हात लावणाऱ्या कामगाराला झटका बसू नये म्हणून १५ व्होल्टची मर्यादा सर्रास पाळतात. गंजाचा धोका अधिक फसवा. नळावरील पॉलिएथिलिनचे आवरण जितके उत्तम, तितका प्रवाह एखाद्या चौरस सेंटिमीटरच्या खरचटीतून एकवटून जमिनीत उतरतो. तेथे त्याची घनता दर चौरस मीटरला १०० अँपिअरवर गेली, तर ऋणाग्र संरक्षण असूनही पोलाद खाल्ले जाते. जर्मनीत १९८६ मध्ये विद्युत् रेल्वेलगतच्या वायुवाहिनीत असा गंज आढळला, तेव्हा अभियंत्यांनी तो गांभीर्याने घेतला. नळालगत जस्ताची पट्टी पुरून, एकदिश प्रवाह अडवणाऱ्या उपकरणामार्फत ती नळाला जोडणे हा रूढ उपाय होय.