घरातच करा ना प्रार्थना!

या, असे पुढे या. चपला दाराशी काढा आणि पटापट पावलं टाका, नाहीतर तळवे पोळतील. साल 2003, पाकिस्तानी पंजाबातलं एक गाव, भर उन्हाळ्याची दुपार. आज तुम्ही अहमदी आहात, म्हणजे स्वतःला मुसलमान मानणाऱ्या पण पाकिस्तानच्या कायद्याने गैरमुस्लिम ठरवलेल्या पंथातले. समोर आहे ते तुमचं प्रार्थनास्थळ. त्याला मशीद म्हणायचं नाही, अजान द्यायची नाही, स्वतःला मुसलमान म्हणवायचं नाही. 1984 पासून कायदाच तसा आहे. मोडलात तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग.

म्हणून माणसं घड्याळ बघून गुपचूप जमतात. भिंतीवरचा कलमा खरवडून काढलाय. बोट फिरवा, चुन्याखाली अजून अक्षरांच्या खाचा लागतात. आत घामाचा, चटयांचा कोंदट वास. तुम्ही कपाळ टेकता आणि लोखंडी दारावर दगड आदळतो. मग दुसरा. बाहेर आरडाओरडा वाढत जातो. मागच्या रांगेतलं पोर रडायला लागतं, बाप त्याच्या तोंडावर हात ठेवतो.

आता आश्रय मागायला जर्मनीत, सॅक्सनीत चला. कोट घ्या, थंडी हाडांत शिरते. निर्वासितांच्या वसतिगृहात एका खोलीत चार लोखंडी खाटा, हीटरवर वाळत घातलेले मोजे. सामायिक स्वयंपाकघरात तुमच्या लसणाच्या फोडणीशेजारी कुणाचा तरी कोबी उकळतोय. पहिलं वर्ष काम करायची बंदी. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी परवानगी काढा. एक दिवस पिवळं पाकीट येतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस पाकिटाचा रंग बघूनच मान खाली घालतो. सरकारी कार्यालयाने आश्रयाचा अर्ज फेटाळलाय. दाद मागायला दोन आठवडे.

न्यायालयाची खोली साधी, एखाद्या कचेरीसारखी. खिडक्या बंद, हीटर चालू, स्वेटरच्या आत तुम्ही घामाने भिजलेले. तुम्ही पंजाबीत बोलत सुटता: दगड, दार, ते पोर. दुभाष्या तुम्हाला हाताने थांबवतो आणि जर्मनमध्ये सांगतो. न्यायाधीश डिक्टाफोन तोंडाशी नेऊन ते आपल्या शब्दांत बोलतात. खट्, बटण बंद. फाइलमध्ये जाणार ते हेच. त्यातलं एक अक्षरही तुम्हाला कळलेलं नाही.

मग प्रश्न. मार कुठे लागला? पोलिसांत गेलात का? दुसऱ्या गावात का नाही राहिलात? आणि शेवटी तो: बाहेर न दाखवता, घरातल्या घरात धर्म पाळता आला नसता का?

हा प्रश्न मला आजही सहन होत नाही. खांद्याला खांदा लावून प्रार्थना करणाऱ्या माणसाला ‘लपून कर, म्हणजे मार बसणार नाही’ असं सांगायचं, म्हणजे दगड मारणाऱ्यांना हवं होतं तेच न्यायालयाच्या तोंडून मागायचं.

निकालाची वाट बघताना वर्षं जातात. दरम्यान तुमच्यासारख्याच दोन अहमदींचे खटले लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयापर्यंत पोचतात. तिथले न्यायाधीश लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाला विचारतात, निर्वासितांविषयीचा युरोपीय कायदा नेमकं काय म्हणतो? 5 सप्टेंबर 2012 रोजी उत्तर येतं. धर्मस्वातंत्र्यावरचं प्रत्येक बंधन म्हणजे छळ नव्हे. पण चारचौघांत केलेली उपासनाही धर्माचाच भाग आहे. मायदेशी परतल्यावर ती केली म्हणून माणसाचा खरोखर छळ होणार असेल, तर ‘उपासना सोडा म्हणजे धोका टळेल’ अशी अपेक्षा अधिकाऱ्यांनी धरायची नाही.

युरोपीय संघातल्या ज्या देशांना हा कायदा लागू आहे, त्यांच्या न्यायालयांना हा अर्थ बंधनकारक आहे.