मोठ्याने बोल, ओरडू नकोस

'जरा मोठ्याने बोल' आणि पुढच्याच वाक्याला 'ओरडतोस कशाला, बहिरा नाही मी!' घरात कमी ऐकणारं माणूस असेल, तर मंडळी, हे दोन्ही संवाद तुम्हाला पाठ असतील. आमच्या सायवनच्या घरी आबांच्या बाबतीत हेच चालायचं. मग 'म्हातारा सोयीचं तेवढं ऐकतो' हा निकालही ठरलेला.

हा निकाल चुकीचा आहे याचा पुरावा चांगला जुना आहे. न्यूयॉर्कचे कानाचे डॉक्टर एडमंड फाउलर यांनी १९३६ साली एक साधी युक्ती मांडली. ज्यांचा एकच कान अधू, त्यांना दोन्ही कानांत आळीपाळीने सूर ऐकवायचा आणि दोन्हीकडे सारखा वाटेपर्यंत एकीकडचा आवाज कमीजास्त करायचा. म्हणजे बहिरा आणि ऐकणारा, दोन्ही साक्षीदार एकाच डोक्यात! दिसलं असं, की हळू आवाजात दोन कानांत मोठी तफावत. पण आवाज चढवत नेला की काहींमध्ये ती मिटतेच. जास्त करून ज्यांचा दोष आतल्या कानात आहे त्यांच्यात. ऐकू न येणं आणि असह्य होणं, यांच्यामधली जागाच आक्रसलेली. (याला 'रिक्रूटमेंट' म्हणतात. सैन्यभरतीशी संबंध नाही.)

कारण उमगायला बराच काळ गेला. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवलं, की निरोगी कान स्वतःही अगदी बारीक आवाज बाहेर टाकतो. आतल्या कानातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसाळ पेशी हळू आवाजाला जोर देतात, मोठ्याला त्यांची फारशी गरज नसते. त्या झिजल्या की कुजबुज जाते, किंकाळी राहते.

वयाबरोबर आधी जातात ते उंच सूर. 'स'ची सळसळ बरीचशी ४००० हर्ट्झच्या वर, स्वरांचा जोर त्याच्या पुष्कळ खाली. त्यामुळे 'सायवन'चं 'आयवन' होतं, आणि ओरडून फक्त 'आ' मोठा होतो. पाड्यावर वाजणारा तारपा मात्र आबांना व्यवस्थित कळायचा, यावरून तर घरात जास्तच संशय!

आपल्याकडे मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ मध्ये श्रवणशास्त्र शिकवायला सुरुवात झाली, वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. जुनी श्रवणयंत्रं सगळंच सरसकट वाढवायची, म्हणून भांडं पडलं की अंगावर यायचं. आताची यंत्रं हळू आवाज जास्त उचलतात, मोठा कमी.