कोलेस्टेरॉलचे द्रवस्फटिक : तापमान दाखवणारे रंग

कोलेस्टेरॉल म्हटले की रक्ततपासणीचा अहवाल आठवतो. पण द्रवस्फटिकांचा शोध लागला तो याच पदार्थाच्या एका संयुगामुळे. १८८८ मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिड्रिख रायनित्झर कोलेस्टेरिल बेंझोएट तापवत होते. १४५.५° से. तापमानाला ते वितळून गढूळ द्रव झाले आणि १७८.५° से. तापमानाला तो द्रव एकाएकी नितळ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे? त्यांनी ओटो लेमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला विचारले. गढूळ अवस्थेतला हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण प्रकाशावर त्याचा परिणाम स्फटिकासारखा होतो, हे लेमान यांनी सूक्ष्मदर्शकातून दाखवले.

या अवस्थेत लांबट रेणू एका दिशेने उभे असतात, पण थोडे वर गेले की ती दिशा किंचित वळते. गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी. एका पूर्ण वळशाची उंची दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास असली की तेवढाच रंग परावर्तित होतो. तापमान वाढले की पीळ सहसा घट्ट होतो आणि रंग तांबड्याकडून हिरव्याकडे, मग निळ्याकडे सरकतो. उरलेला प्रकाश आरपार जातो. तो शोषला जावा म्हणून मागे काळा थर लागतो, नाहीतर रंग फिका दिसतो.

निव्वळ कोलेस्टेरॉल यासाठी उपयोगी नाही. त्याचे एस्टर लागतात. कोलेस्टेरिल नोनानोएट, कोलेस्टेरिल ओलेइल कार्बोनेट अशांचे प्रमाण बदलून हव्या त्या तापमानाला रंग पालटणारे मिश्रण करता येते. ते सूक्ष्म कुप्यांत भरून पट्टीवर लावतात. मत्स्यटाकीवरची तापमापक पट्टी, १९७० च्या दशकात गाजलेली ‘मूड रिंग’, विद्युतमंडलातला तापलेला भाग शोधणारा लेप, हे सगळे याच तत्त्वावर चालते. (अंगठी अर्थातच बोटाची ऊब दाखवते, मनःस्थिती नव्हे.)

कपाळावर लावायच्या पट्टीबाबत मात्र सावध राहावे. ती त्वचेचे तापमान दाखवते, शरीराच्या आतले नाही. घाम किंवा पंख्याचा वारा यांमुळे ताप असूनही आकडा कमी दिसू शकतो. लहान बाळाला ताप वाटला तर साध्या तापमापकानेच मोजावे. स्तनांच्या गाठी शोधण्यासाठीही या द्रवस्फटिकांच्या पट्ट्या वापरून पाहिल्या गेल्या, पण त्या मॅमोग्राफीची जागा घेऊ शकत नाहीत.

टीव्ही आणि मोबाइलच्या एलसीडी पडद्यांत सहसा वेगळ्या, नेमॅटिक जातीचे द्रवस्फटिक असतात. कोलेस्टेरॉलवर आधारित मिश्रणे अतिनील किरणांनी खराब होतात, म्हणून अशी पट्टी उन्हात ठेवू नये.